नौदलातल्या जुन्या अधिकाऱ्याची कारकीर्द कशी हुडकावी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याचा शोध घ्यायचा म्हटलं की लोक आधी मृत्युलेख काढून बसतात. मी तो बाजूला ठेवते. गेलेल्या माणसाबद्दल कोण वाकडं लिहिणार? शिवाय घरच्यांच्या आठवणीत जो तो जटलंडच्या, म्हणजे 1916 च्या त्या मोठ्या सागरी लढाईत हजर असतो.

पहिलं काम, नेव्ही लिस्ट उघडा. नौदलातल्या अधिकाऱ्यांची ही छापील यादी ठरावीक काळाने निघायची. पहिल्या महायुद्धाच्या काळातले अंक स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून मोफत ठेवलेत. त्यातून हुद्दा, त्या हुद्द्यावरच्या ज्येष्ठतेची तारीख (म्हणजे तो हुद्दा ज्या दिवसापासून धरला तो दिवस) आणि जहाज एवढं उतरवून घ्या. एकाच आडनावाची माणसं यादीत ढिगाने असतात, तेव्हा त्यांतला आपला कोण हे ही तारीखच सांगते.

आता तारखेकडे नीट बघा. कमांडर आणि कॅप्टनच्या बढत्या साधारणपणे 30 जून आणि 31 डिसेंबरला व्हायच्या. मधलीच एखादी तारीख दिसली, तर तिथे काहीतरी घडलंय असं समजून खणायला लागा. ध्रुवावर गेलेला रॉबर्ट फाल्कन स्कॉट घ्या. तो कमांडर झाला 30 जून 1900 ला, म्हणजे इतरांबरोबर रांगेत. कॅप्टन मात्र 10 सप्टेंबर 1904 पासून. त्याच दिवशी त्याचं जहाज ‘डिस्कव्हरी’ अंटार्क्टिकाहून पोर्ट्समथला परतलं. असा धागा सापडला की मला चहासुद्धा आठवत नाही.

जहाजांची नावं जपून वाचा. ‘प्रेसिडेंट’ दिसलं म्हणून माणूस समुद्रावर होता असं नाही. लंडनमध्ये नौदलाच्या मुख्य कचेरीत, म्हणजे अ‍ॅडमिरल्टीत टेबलाशी बसणाऱ्यांची नावंही तिच्या पटावर असत. ‘व्हर्नन’ म्हणजे टॉर्पेडोची शाळा, ‘एक्सलंट’ म्हणजे तोफखान्याची. स्कॉट ‘व्हर्नन’मध्ये शिकलेला.

फोटो असेल तर बाहीवरच्या पट्ट्या मोजा. दोन रुंद आणि मध्ये एक बारीक असेल, तर 1914 नंतर तो लेफ्टनंट-कमांडर. त्याआधीचा फोटो असेल तर आठ वर्षं मुरलेला साधा लेफ्टनंट, कारण तो हुद्दाच 1914 साली आला.

मग लंडनमधल्या क्यू इथल्या सरकारी दफ्तरखान्यातली, म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्‌जमधली एडीएम 196 ही मालिका. खरा माल इथे आहे. सेवानोंदींबरोबर पुष्कळदा वरिष्ठांचे शेरेही असतात, दोन-चार शब्दांचे आणि बोचरे. अक्षर भयंकर, पण एकाच कारकुनाचे वळण दोन पानं वाचलं की डोळा सरावतो. एका शेऱ्यावर मत बनवू नका. तीन कॅप्टन तेच म्हणत असतील तर माना.

जहाजांच्या रोजनिशा एडीएम 53 मध्ये आहेत. त्यांत स्थान, वारा, हवामान, आजाऱ्यांची संख्या मिळेल. माणसाचं नाव क्वचितच, त्यामुळे नुसत्या नावासाठी त्या मागवू नका. लढाईच्या दिवशी जहाज नेमकं कुठे होतं, हे मात्र तिथेच तपासा.

शेवटी निवृत्ती. ‘रिअर अ‍ॅडमिरल’ वाचून ताफा हाकला असं धरू नका. निवृत्त कॅप्टनला पुढे ज्येष्ठतेनुसार निवृत्तांच्या यादीत तो हुद्दा मिळू शकत असे. नोकरी 1922 च्या आसपास संपली असेल, तर कामगिरीत खोट शोधण्याआधी त्या वर्षीची सरकारी काटकसर आठवा. त्या कपातीत कितीतरी चांगले अधिकारी घरी बसले.