मंडळाची खोली आणि नाक्यावरचा फळा

वस्तीत काही सुरू करायचं म्हटलं की पहिली बैठक नाव आणि लोगो ठरवण्यातच संपते. दुसऱ्या बैठकीत नोंदणीचा विषय निघतो आणि तिसरी बैठक होतच नाही. भांडुप पश्चिमेच्या डोंगरउतारावर आम्ही मंडळाच्या खोलीत एक कामाची जागा चालवतो आणि तिच्याच दाराशी वस्तीच्या बातम्यांचा फळा. कुणी विचारायला आलं की मी आधी एवढंच सांगते: नवी संस्था काढायला धावू नका, वस्तीत काय कुलूपबंद पडलंय ते शोधा.

मुंबईत तशी जागा असतेच. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, आणि नंतर मंडळं इतकी वाढली की बहुतेक गल्ल्यांत मंडळाची एखादी खोली सापडते. भाद्रपद सोडला तर आत मखराचे तुकडे, सतरंज्या आणि ढोल. व्यायामशाळेचा पोटमाळा, समाजमंदिर यांचीही तीच गत. गाळा भाड्याने घ्यायचा तर अनामत आली, दलाली आली, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं आलं. पहिल्या वर्षी हा खर्च अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खोली मागायला गेलात की ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "आपलीच पोरं आहात, कागद कशाला?" तरी कागद कराच. मंडळाच्या कार्यकारिणीचा ठराव आणि एक साधं पत्र पुरतं. त्यात चावी कुणाकडे, वीजबिल कोण भरणार, मीटर कुणाच्या नावावर (बहुतेकदा तो वारलेल्या एखाद्या अध्यक्षाच्या नावावर निघतो) आणि गणपतीच्या आधी खोली किती दिवस रिकामी करून द्यायची, हे सगळं येऊ द्या. आमच्याकडे कोकणातली घरं जास्त. गणपतीला आणि शिमग्याला अर्धी वस्ती गावी जाते, त्यामुळे त्या दिवसांत खोली मंडळाला परत देण्याचा त्रास कुणालाच होत नाही. तुमच्या वस्तीचं वेळापत्रक वेगळं असेल, ते बघून अटी लिहा.

आत काय हवं? चांगले पंखे, भिंतीला भरपूर प्लग, केबलवाल्याचं ब्रॉडबँड आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. खुर्च्या मंडळाच्याच चालतात. खरी अडचण माणसांची असते. एमपीएससी करणाऱ्यांना शांतता हवी, आणि घरातल्या टीव्हीपासून पळून आलेल्या वर्क फ्रॉम होमवाल्यांना दिवसभर कॉल. आम्ही वेळ वाटून दिली. दुपारी २ पर्यंत खोलीत आवाज नाही, कॉल आला तर बाहेर ओट्यावर. २ नंतर बोलायला मोकळीक. रात्री ८ पासून पुन्हा अभ्यास. दारातल्या वहीत प्रत्येकाने नाव, यायची वेळ, जायची वेळ आणि कुठला प्लग वापरला ते लिहायचं. प्लगचा रकाना पाहून सगळे हसले होते, पण चार्जर विसरला की मालक त्यावरूनच सापडतो.

अजून एक गोष्ट, जी पुरुष मंडळींच्या बैठकीत निघतच नाही: शौचालय. मंडळाच्या खोलीला ते नसतं आणि सार्वजनिक शौचालय लांब असेल तर मुली एकदा येऊन बघून जातात, परत येत नाहीत. आम्ही समोरच्या काकूंना विचारलं. त्यांच्या घरचा संडास मुलींनी वापरायचा आणि त्यांच्या नातीला शिकवणीची फी नाही, असं ठरलं. दुसऱ्या चावीसाठीही एक बाईच निवडा, म्हणजे संध्याकाळी मुलींच्या घरचे अडवत नाहीत.

आता फळा. बातम्या म्हटलं की नवखे थेट भ्रष्टाचारावर जातात. तिथून सुरुवात करू नका. मंडळाच्या फळ्यावर लोक आधीपासून काय वाचतात? दुःखद निधन, दहावीचे निकाल, अभिनंदन. तेच नीट, वेळेवर आणि नावात चूक न करता लिहा. लोकांचा विश्वास तिथे बसतो. मग पाणी. मुंबईच्या मोठ्या भागाला पाणी शुद्ध करून देणारा महापालिकेचा अवाढव्य प्रकल्प आमच्या भांडुपातच आहे आणि डोंगरावरच्या बायका नळाची वाट बघत बसतात. उद्या पाणी किती वाजता, दाब कमी राहील का, हे कुठलंच वर्तमानपत्र आमच्या गल्लीसाठी छापणार नाही. म्हणून ती आमची पहिल्या पानाची बातमी.

ती मिळते अशी: व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला सगळ्यात आधी सांगतो. पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर लिहायचं नाही, आणि त्याचं नाव तर कधीच नाही, बिचाऱ्याची नोकरी असते. वॉर्ड ऑफिसातल्या जलकामे खात्याला फोन करून विचारायचं आणि वरच्या गल्लीतल्या एका घरी खात्री करायची. मग खडू हातात घ्यायचा. खाली बारीक अक्षरात 'माहिती कुठून' आणि 'किती वाजता लिहिलं'. त्याच फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. तिथे पोस्ट टाकायची मुभा फक्त ॲडमिनना ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत बातमी शुभसकाळखाली गाडली जाते. पाण्याची बातमी आम्ही हिंदीतही लिहितो. यावर एका काकांनी नाक मुरडलं तेव्हा मी त्यांना आठवण करून दिली की बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' काढलं, तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत.

काय लिहायचं नाही, हे आधी ठरवा. 'मुलं पळवणारी टोळी आली', 'याला पकडा' असल्या पोस्टला आमच्या फळ्यावर जागा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून ५ जणांना जमावाने ठेचून मारलं. संशयिताचं नाव आणि फोटो टाकू नका. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि फळ्यावर लिहिलेलंही त्यात बसू शकतं.

थोडा जम बसला की कागदपत्रांवर या. राज्य सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागद पाहता येतात. गटाराचं काम कुणाला दिलं, मुदत कधीपर्यंत, हे तिथे विचारायचं. जमलं नाही तर माहिती अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज खोलीतल्या एमपीएससीच्या मुलांकडून लिहून घ्या. त्यांचा सराव होतो आणि भाषा चोख येते. आमच्या खोलीचा फळ्याला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

नोंदणीचं थोडक्यात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला किमान ७ माणसं लागतात, आणि सेवाभावी संस्थेचा पुढचा संबंध धर्मादाय आयुक्तांशी येतो. मंडळाच्या नावाखाली चालतंय तोवर घाई नको. बातम्या ठरावीक काळाने छापून वाटायच्या ठरल्या तर मात्र १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणीच्या कायद्याखाली आधी नोंदणी करा. परदेशी देणगी देणारा कुणी भेटलाच, तर वृत्तपत्रांना आणि वार्ताहरांना ती घेण्याची बंदी आहे हे लक्षात असू द्या.

पैसा. कमावत्यांकडून महिना ३०० आणि विद्यार्थ्यांकडून १०० रुपये घेतो, पावतीशिवाय एक रुपया नाही. हिशेब दर महिन्याला त्याच फळ्यावर. निवडणूक जवळ आली की खुर्च्या द्यायला माणसं येतात, पाठीवर नाव रंगवून. बाक आमदार निधीतून आला तर खुशाल घ्या, तो आपल्याच कराचा पैसा आहे. पण फळ्याला 'सौजन्य' लावू देऊ नका. एकदा लावलंत की गटाराची बातमी लिहिताना हात अडखळतो, आणि अडखळला नाही तरी लोक तसंच समजतात.

प्रत्येक कामाला दोन माणसं ठेवा. इथे कुणाला नोकरी लागते, कुणाची इमारत पुनर्विकासात जाते, कुणी लग्न होऊन विरारला जातं. फळा लिहिणारा मे महिन्यात गावी जाणार असेल तर एप्रिलपासूनच दुसऱ्याला सोबत घेऊन जलकामे खात्यातल्या माणसांशी ओळख करून द्या, नाहीतर महिनाभर फळ्यावर जुनीच वेळ राहते.