महागड्या पर्सवरून येणारे टोमणे : हिशेब कोणाला द्यावा आणि कोणाला नाही

नाशिकमध्ये लुई व्हिटॉन, शनेल किंवा हर्मेस या महागड्या पर्स बनवणाऱ्या फ्रेंच कंपन्यांचे दुकान नाही. ज्यांना अशी पर्स घ्यायची असते ते मुंबईला जातात, नाहीतर परदेशातून येणाऱ्या भावंडाकडून मागवतात. त्यामुळे मुंबईच्या गर्दीत जिच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही अशी पर्स गंगापूर रोडवरच्या हळदी-कुंकवात किंवा कॉलेज रोडवरच्या भिशीत लगेच नजरेत भरते. मग कोणी किंमत विचारते, कोणी नाक मुरडते, आणि एखादी जवळची नातेवाईक चारचौघींत म्हणते, "एवढ्या पैशात काय काय आलं असतं!"

स्वतःच्या कमाईतून हौसेने आणि विचारपूर्वक घेतलेल्या वस्तूबद्दल कोणा बाईला अपराध्यासारखे वाटावे, हे मला मुळीच मान्य नाही. मात्र पर्सबद्दल बोलणारा प्रत्येक जण जळतो म्हणूनच बोलतो, असे धरून चालणेही चुकीचे आहे. बोलणाऱ्याचा आपल्या पैशावर काही हक्क आहे का, हे आधी पाहावे. ज्यांचा हक्क आहे त्यांना पूर्ण हिशेब द्यावा. इतरांशी सौजन्याने वागावे, पण हिशेब देत बसू नये. आणि पर्सबद्दल खोटे मात्र कोणालाही सांगू नये.

आधी स्वतःचा हिशेब

लोकांना उत्तर देण्याची तयारी पर्स घेण्याच्या आधीच सुरू होते. घराचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधे आणि अडीअडचणीला बाजूला ठेवलेली रक्कम यांना हात न लावता पर्स घेता येत असेल, तर बोलणाऱ्यांना तोंड देणे फारसे अवघड जात नाही. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून घेतलेल्या पर्सचे तसे नसते. तिच्याबद्दल कोणी सहज काही विचारले तरी ते झोंबते, कारण तोच प्रश्न आपल्याही मनात असतो. घरातल्या जबाबदार माणसाला पर्सची किंमत मोकळेपणाने सांगता येत नसेल, तर अजून ती पर्स घेण्याची वेळ आलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिल जपून ठेवावे. पर्स परदेशातून आणली असेल आणि तिच्यावर सीमाशुल्क भरले असेल, तर ती पावतीही बिलासोबत ठेवावी. दहा लाख रुपयांपेक्षा महाग पर्सवर 22 एप्रिल 2025 पासून विक्रेत्याने एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून गोळा केला जाणारा आयकर, घ्यायचा असतो. ती रक्कम आपल्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना आयकरातून वळती करून घेता येते. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर आणखी काळजी घ्यावी लागते, कारण ठरावीक रकमेच्या वरच्या जंगम मालमत्तेच्या खरेदीची माहिती कार्यालयाला द्यावी लागते, आणि ज्याचे काम आपल्या टेबलावर आहे अशा माणसाने भेट दिलेली पर्स घरात येऊ देणे हा तर गंभीर प्रकार आहे. अशा वेळी शेजारीपाजारी जी कुजबुज करतात तिला नुसती कुजबुज म्हणून झटकता येत नाही.

ज्यांचा हक्क आहे त्यांच्याशी

नवरा, एका घरात राहणारे सासूसासरे, आपण ज्यांचे पैसे देणे लागतो असा भाऊ किंवा मैत्रीण, या माणसांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावे. पर्स कपाटात लपवून ठेवायची आणि सहा महिन्यांनी "ही जुनीच आहे" म्हणून बाहेर काढायची, ही पद्धत बऱ्याच घरांत चालते, पण पुढे जे भांडण होते ते किमतीपेक्षा या लपवाछपवीवरून अधिक होते.

सांगताना कमी शब्दांत आणि रकमेसह सांगावे. "आई, दिवाळीच्या बोनसमधून घेतली. एक लाख साठ हजारांची आहे. घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही." एवढे बोलून थांबावे. सासूबाई बहुधा म्हणतील, "अगं, एवढ्यात सोनं नसतं का आलं?" त्यांचे हे म्हणणे खरे आहे आणि ते खरे म्हणूनच मान्य करावे. सराफ बाजारात घेतलेल्या दागिन्याची घडणावळ गेली तरी सोने उरते, ते अडीअडचणीला मोडता येते किंवा गहाण ठेवता येते. पर्सचे तसे होत नाही. "पर्स म्हणजे गुंतवणूकच आहे" हे वाक्य समाजमाध्यमांवर फार ऐकू येते, पण ते हर्मेसच्या बर्किन किंवा केलीसारख्या मोजक्या पर्सना लागू पडते. अभिनेत्री व गायिका जेन बर्किन यांच्यासाठी बनवलेली मूळ बर्किन पर्स जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोंना गेली म्हणून आपली पर्सही वाढीव किमतीला जाईल, असे कोणी मानू नये. बहुतेक पर्स दुकानाबाहेर पडताच खरेदीच्या किमतीला विकल्या जात नाहीत. म्हणून "आई, सोनं म्हणून नाही घेतली, हौस म्हणून घेतली" हे उत्तर द्यावे, कारण ते खोडून काढता येत नाही. त्यांना दोन दिवस राग आला तर येऊ द्यावा. मोठ्या माणसांनी आयुष्यभर काटकसर करून घर उभे केलेले असते आणि त्यांच्या रागात तो सगळा काळ असतो. लगेच मान्यता मिळावी असा हट्ट धरू नये.

"केवढ्याला घेतलीस गं?"

आपल्याकडे किंमत विचारणे हा उद्धटपणा समजला जात नाही. साडीची किंमत विचारतात, प्लॉटचा भाव विचारतात, मुलाचा पगारही विचारतात. त्यामुळे या प्रश्नात टोमणा आहे असे आधीच गृहीत धरू नये. विचारणारीला स्वतःला घ्यायची असेल तर खरी किंमत सांगावी, दुकान सांगावे, हवे तर सोबत जावे. ती नुसती चौकशी करत असेल तर "महाग आहे, पण मनापासून आवडली म्हणून घेतली" एवढे हसून सांगणे पुरे होते. तिने पुन्हा विचारले, "म्हणजे लाखाच्या वर?", तर "किंमत राहू दे ना मावशी, तुमच्या मुलीचं लग्न कुठवर आलं?" असे म्हणून विषय बदलावा. किंमत न सांगणे हे खोटे बोलणे नव्हे.

खोटे बोलण्याचे दोन प्रकार नेहमी कानावर येतात. पहिला म्हणजे अस्सल पर्स हातात असताना "अगं, फर्स्ट कॉपी आहे" असे सांगून सुटका करून घेणे. त्या क्षणी वाद टळतो, पण लगेच पुढचा प्रश्न येतो, "मलाही आणून दे ना, कुठे मिळते?" आणि मग एका खोट्यासाठी दुसरे रचावे लागते. शिवाय नकली नाममुद्रेचा माल विकणे 1999 च्या ट्रेड मार्क कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा जे आपण केलेलेच नाही ते चोरट्या बाजारातले काम विनाकारण आपल्या नावावर लागते. दुसरा प्रकार म्हणजे "गिफ्ट मिळाली" असे सांगणे. कोणी दिली, कशाबद्दल दिली, असे प्रश्न त्यातून निघतात आणि एकट्या राहणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या बाईच्या बाबतीत हे प्रश्न पर्सच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक त्रास देतात. स्वतःच्या कमाईचे श्रेय अनोळखी माणसाला देऊन आपण काय मिळवतो, याचा विचार प्रत्येकीने करावा.

"त्यात एवढं आहे तरी काय?"

हा प्रश्न खरोखर जाणून घेण्यासाठी विचारलेला असेल तर त्याचे उत्तर आनंदाने द्यावे. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला ते समजावणे सोपे आहे, कारण येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मोर आणि वेल दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, आणि जाणकार बाई साडी हातात घेतल्याबरोबर आधी पदर उलटते. त्या पैठणीला काही हजारांपासून लाखांपर्यंत किंमत पडते आणि ती देणाऱ्या बाईला आपण रसिक म्हणतो. चांगल्या पर्सची शिवणही तशीच दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखी असते. हर्मेसची सुरुवात 1837 मध्ये घोड्यांचा साज बनवणारा कारखाना म्हणून झाली आणि खोगिराची ती शिवण आजही तिथे हातानेच घातली जाते. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात. कारागीर दोन्ही सुया एकाच छिद्रातून समोरासमोरून ओढतो, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारची शिवण उसवत जात नाही. हे सांगताना पर्स त्या बाईच्या हातात द्यावी आणि तिला शिवणीवरून बोट फिरवू द्यावे. आपल्याकडे कारागिरीची कदर करणारी माणसे पुष्कळ आहेत, फक्त चामड्यातली कारागिरी त्यांच्या पाहण्यात फारशी आलेली नसते.

पण तेवढेच खरे सांगायचे तर किमतीचा मोठा भाग नावाचाही असतो. लुई व्हिटॉनचे 1896 पासूनचे ते ओळखीचे अक्षरांचे कापड बहुतेकांना चामडे वाटते. प्रत्यक्षात ते लेप दिलेले कापड असते आणि त्याला पट्टे व कडा चामड्याच्या असतात. कोणी हे दाखवून दिले तर चिडू नये.

चामड्यावरूनच घेतला जाणारा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो आदराने ऐकावा असा आहे. वासराच्या किंवा कोकराच्या कातड्याची वस्तू घरात नको, असे म्हणणारी माणसे आपल्याकडे अनेक कुटुंबांत आहेत आणि त्यांचा विरोध पैशाला नसतो. त्यांनी विचारले तर पर्स कशाची आहे ते स्पष्ट सांगावे. देवघराजवळ, काळाराम मंदिरात किंवा सप्तशृंगीच्या गडावर जाताना कापडी पिशवी न्यावी. त्याने आपले काहीही कमी होत नाही आणि वाडवडिलांच्या भावनेचा मान राहतो.

जेव्हा बोलणारा बरोबर असतो

घरी काम करणाऱ्या मावशींनी महिन्याला पाचशे रुपये वाढवून मागितले आणि आपण ते देताना घासाघीस केली, त्याच वेळी टेबलावर लाखाची पर्स ठेवलेली असेल, तर त्यांनी मनात जे म्हटले असेल त्याला आपल्याकडे उत्तर नाही. सोसायटीचा मेंटेनन्स थकवून, मैत्रिणीचे उसने न फेडता किंवा शाळेत फीमध्ये सवलत मागून जो अशी पर्स मिरवतो, त्याला लोक नावे ठेवणारच, आणि ते अन्यायाने बोलतात असे मला वाटत नाही. यावर उपाय बोलण्यात सापडत नाही. मावशींचा पगार आधी वाढवावा.

प्रसंगही पाहावा. सांत्वनाला जाताना, रुग्णालयात भेटायला जाताना, किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यातली नोकरी गेलेल्या भावाच्या घरी जाताना ती पर्स घरीच ठेवावी. यात भीतीचा किंवा लपवण्याचा प्रश्न नाही. समोरच्याच्या दुःखात आपली वस्तू डोळ्यांत खुपू नये, एवढेच पाहायचे असते.

टोमणा आणि त्यानंतर

"आमच्याकडे बाई एवढं नाही, आम्ही साधी माणसं" अशा बोलण्याला प्रतिटोमणा देऊ नये. समोरचीची गाडी, तिचे फार्महाऊस, तिने मुलाच्या मुंजीत केलेला खर्च हे सगळे आपल्या जिभेवर येते, पण ते बोलले की भांडण दोन घरांचे होते. "साधं राहणं मलाही आवडतं, ही एक हौस आहे" असे म्हणून शांतपणे दुसऱ्याशी बोलू लागावे. तीच व्यक्ती प्रत्येक समारंभात तोच विषय काढत असेल तर एकदा तिला बाजूला घेऊन सांगावे, "वहिनी, चारचौघींत तुम्ही असं बोलता ते मला लागतं. माझ्याबद्दल काही वाटत असेल तर मला घरी सांगा." चारचौघींत बोलणाऱ्या बहुतेक जणी एकटीने बोलण्याची वेळ आली की थांबतात. कार्यालयात वरिष्ठांनी पर्सवरून पगाराची किंवा गरजेची टिप्पणी केली तर कामाविषयी बोलावे आणि पर्सविषयी मुळीच बोलू नये. कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटावर पर्सचे फोटो टाकू नयेत; तिथे एकाच वेळी आनंद वाटणारे, कर्जात असलेले आणि आजारी असलेले सगळेच असतात.

मुलीसमोर विशेष जपून वागावे. तिने किंमत विचारली तर वयाला झेपेल तेवढी खरी सांगावी, आणि ती पैसे साठवून घेतली हेही सांगावे. "आत्याला सांगू नकोस" असे तिला कधीही म्हणू नये.

शेवटी एक प्रसंग जवळजवळ ठरलेला असतो. ज्या नातेवाईक बाईने सर्वांत जास्त नावे ठेवलेली असतात, तीच एखाद्या लग्नाच्या आधी फोन करते आणि म्हणते, "एका दिवसासाठी देशील का गं?" याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे. द्यायची नसेल तर "मी माझ्या पर्स कोणाला देत नाही, राग मानू नका" असे सरळ सांगावे. द्यायची असेल तर जुने बोलणे उकरून न काढता मनापासून द्यावी. फिकट चामड्यावर पाण्याचे डाग पडतात, जीन्सचा रंग उतरतो आणि कुंकू सांडले तर ते निघत नाही, हे देतानाच सांगावे. पावसाळ्यातले लग्न असेल तर सोबतची कापडी थैली आणि एक मोठी प्लॅस्टिकची पिशवीही द्यावी.