इब्री, इस्राएली, यहुदी, इस्रायली: कुणाला कधी काय म्हणायचं

"मोशे या ज्यू नेत्याने इजिप्तमधून इस्रायली लोकांची सुटका केली." असलं वाक्य स्पर्धा परीक्षेच्या वहीत, व्हॉट्सॲप फॉरवर्डात, कधीकधी छापील लेखातसुद्धा सर्रास दिसतंय. अर्थ कळतो, पण 'ज्यू' आणि 'इस्रायली' हे दोन्ही शब्द मोशेच्या कितीतरी नंतरचे. इकडं कोल्हापुरात राजारामपुरीत अभ्यासिकेतली पोरं विचारतात, सर हे इब्री, इस्राएली, यहुदी, ज्यू सगळं एकच की, कशाला डोकं खायचं? एकच नाही बाबांनो. माणसं बऱ्यापैकी तीच, पण नावं वेगवेगळ्या काळात पडलीत आणि वेगवेगळ्या तोंडातनं आलीत, त्यामुळं लिहायला बसलं की दोनच गोष्टी आधी बघायच्या, प्रसंग कधीचा आहे आणि बोलतंय कोण. बाकी सगळं त्यातनंच निघतं.

सगळ्यात जुन्या काळापासनं धरू. अब्राहाम, योसेफ, इजिप्तमधली गुलामी, इथं 'इब्री' चालतं. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात 14:13 ला अब्रामाला (अब्राहामाचंच आधीचं नाव) पहिल्यांदा 'इब्री' म्हटलंय. आता हा शब्द आला कुठनं याची दोन उत्तरं परंपरेतच आहेत. एक म्हणजे शेमच्या वंशात एबर नावाचा पूर्वज होता, त्याच्यावरनं. दुसरं म्हणजे हिब्रू भाषेत ओलांडणं, पलीकडं जाणं या अर्थाचा जो धातू आहे त्याच्यावरनं, म्हणजे फरात (युफ्रेटिस) नदीच्या पलीकडनं आलेली माणसं, आणि यहोशवाच्या पुस्तकात 24व्या अध्यायात तुमचे पूर्वज नदीपलीकडं राहत होते असं सांगितलेलंच आहे. तिसरं उत्तर अभ्यासकांचं. 1887 मध्ये इजिप्तमध्ये अमार्ना इथं मातीच्या पाट्यांवरची पत्रं सापडली, इ.स.पू. 14व्या शतकातली, त्यात कनानमधले (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनच्या भागातले) छोटे राजे 'हबिरू' नावाच्या बेघर, लुटारू टोळ्यांची तक्रार इजिप्तच्या राजाकडं करतात. हबिरू म्हणजेच इब्री का यावर भांडण अजून चालू आहे, कारण हबिरू हा एका वंशाचा शब्द वाटत नाही, समाजाबाहेर पडलेल्या कुठल्याही टोळीला तो लावलेला दिसतो. तेव्हा परीक्षेत "हबिरू म्हणजेच इब्री" असं छातीठोक लिहू नका, "काही अभ्यासक जोडतात" एवढंच लिहा.

पण इब्रीची खरी गंमत शब्द कुठनं आला यात नाही, तो वापरला कसा यात आहे. बायबलात बघा, हा शब्द जास्त करून परक्यांच्या तोंडी येतो, नाहीतर परक्यांशी बोलताना. योसेफाच्या इजिप्ती मालकाची, पोटीफरची बायको त्याच्यावर आळ घेते तेव्हा 'इब्री' म्हणते. शेजारचे शत्रू पलिष्टी लढाईत 'इब्री' म्हणतात. योना हा संदेष्टा वादळात सापडलेल्या जहाजावरच्या परक्या खलाशांना ओळख सांगतो, मी इब्री आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे निर्गमाच्या पुस्तकाचा 5वा अध्याय, मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन फारोपुढं, म्हणजे इजिप्तच्या राजापुढं, उभे राहून आधी 'इस्राएलाचा देव' म्हणतात, फारो म्हणतो कोण हा, मी ओळखत नाही, की लगेच दोन ओळींवर ते 'इब्र्यांचा देव' म्हणतात. दरबाराला कळेल तो शब्द वापरला सरळ. म्हणून पात्र परकं असेल नाहीतर परक्यापुढं बोलत असेल तर बिनधास्त इब्री लिहा.

घरातल्या घरात मात्र 'इस्राएल'. अब्राहामाचा नातू याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी कुस्ती खेळला, मांडीचा सांधा उखळला तरी सोडलं नाही, आणि पहाटे त्याला इस्राएल हे नाव मिळालं. (कोल्हापूरकराला ही गोष्ट एकदा सांगितली की परत सांगावी लागत नाही.) अर्थ साधारण 'देवाशी झुंजला' असा बायबलच देतं, भाषातज्ज्ञ 'देव झुंजतो' असंही लावतात. त्याच्या 12 मुलांचे वंश म्हणजे इस्राएली. मोशेबरोबर निघाले ते हे, त्यामुळं वरचं वाक्य "मोशेने इजिप्तमधून इस्राएली लोकांची सुटका केली" असं करा, ज्यू शब्द काढूनच टाका. बायबलच्या बाहेरचा पुरावा पाहिजे असेल तर फारो मर्नेप्ताहचा शिलालेख द्या, साधारण इ.स.पू. 1208 चा, 1896 मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना सापडलेला. त्यात इस्राएल हे नाव आहे आणि नावापुढची खूण प्रदेशाची नाही तर लोकांची आहे, हे उत्तरात घातलं तर तपासणारा खुश.

इथनं पुढं पोरं घसरतात. शलमोन राजा गेल्यावर, साधारण इ.स.पू. 930 च्या आसपास, राज्य फुटलं. उत्तरेकडच्या राज्याचं नाव इस्राएल, राजधानी पुढं शोमरोन. दक्षिणेकडं यहूदा, राजधानी यरुशलेम. आपल्याला हे समजायला काय अवघड नाही, 1731 चा वारणेचा तह आठवा, घराणं एकच भोसल्यांचं पण गादी एक साताऱ्याला आणि एक कोल्हापूरला, आणि मग कोल्हापूरच्या माणसाला सातारकर म्हणून बघा काय होतंय ते! तसंच, या दोनशे वर्षांत 'इस्राएली' लिहिलं तर त्याचा अर्थ फक्त उत्तरेकडचे असाही होऊ शकतो, म्हणून राज्याचं नाव स्पष्ट घालायचं.

'यहुदी' हा शब्द या यहूदावरनं. यहूदा हा याकोबाचा लेआपासनं झालेला चौथा मुलगा, नावाचा संबंध आई स्तुतीशी लावते. त्याचा वंश, मग त्या वंशाचं राज्य, आणि मग त्या राज्यातला माणूस तो यहुदी. हा शब्द बायबलात पहिल्यांदा कुठं येतो माहिताय का? '2 राजे' या पुस्तकात 16:6 ला, आणि तिथं अरामचा (आजच्या सीरियाकडचा) राजा एलाथ गावातनं यहुद्यांना हाकलतोय आणि त्याच मोहिमेत त्याच्या जोडीला आहे कोण, तर इस्राएलचा राजा. म्हणजे पहिल्याच उल्लेखात यहुदी एका बाजूला आणि इस्राएल दुसऱ्या! सगळं एकच की म्हणणाऱ्याला एवढी ओळ दाखवली तरी पुरे.

पुढं इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेचं राज्य संपवलं, 586 ला बाबेलनं (बॅबिलोननं) यरुशलेम पाडलं, लोक धरून नेले. नंतर इराणी साम्राज्यात तिकडच्या प्रांताचं नाव येहुद. उरलेली ओळख ही दक्षिणेची, त्यामुळं हळूहळू वंश कुठलाही असला तरी माणूस यहुदीच म्हटला जायला लागला. एस्तेरच्या पुस्तकातला मर्दखय बघा, आहे याकोबाच्या धाकट्या मुलाच्या, बन्यामीनच्या वंशातला पण त्याला यहुदी म्हटलंय. म्हणून साधा नियम धरा, बाबेलच्या कैदेनंतरचं काही लिहायचं असेल तर यहुदी, त्याआधी शक्यतो नको. अपवाद शोमरोनी लोकांचा, ते आजही गरिज्जीम डोंगरावर वल्हांडण (इजिप्तमधल्या सुटकेचा सण) करतात, स्वतःला इस्राएलाचे वंशज म्हणवतात, पण यहुदी म्हणवत नाहीत.

ज्यू आणि यहुदी यात फरक काढत बसू नका, शब्द एकच आहे. मूळ हिब्रू शब्द येहुदी, तो ग्रीक, लॅटिन, फ्रेंच करत करत झिजून इंग्रजीत ज्यू झाला, आणि अरबी-फारसीच्या वाटेनं आपल्याकडं यहुदी आलं. एका लेखात एकच ठेवा म्हणजे झालं.

इब्री, इस्राएली, यहुदी हे तिन्ही शब्द एकाच माणसाला लागू शकतात का? लागतात. बायबलच्या नव्या करारातला ख्रिस्ती धर्मप्रसारक पौल 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात 21:39 ला रोमी अधिकाऱ्याला म्हणतो मी तार्सचा यहुदी, रोमकरांच्या पत्रात 11:1 ला म्हणतो मी इस्राएली, आणि फिलिप्पैकरांना 3:5 ला वंश इस्राएलाचा, कूळ बन्यामीनचं आणि वर इब्र्यांतला इब्री असं सगळंच ऐकवतो. सरकारी माणसापुढं एक, देवाच्या वचनाचा विषय निघाला की दुसरं, आणि परंपरा किती अस्सल हे सांगायला तिसरं.

आजच्या बातम्यांसाठी वेगळाच शब्द. 14 मे 1948 ला झालेल्या देशाचा नागरिक तो इस्रायली, आणि त्यातले साधारण पाचातला एक अरब आहे, म्हणजे इस्रायली म्हटलं की ज्यू असं नाही, आणि जगातले कितीतरी ज्यू इस्रायली नाहीत. झायोनिस्ट हा तर ज्यूंना स्वतःचा देश पाहिजे म्हणणाऱ्या राजकीय चळवळीचा शब्द, 1897 ची बासेल परिषद वगैरे, तो जातीधर्मासारखा वापरायचा नाही. मराठीत एक सोय आहे ती वापरा: जुन्या लोकांना बायबलच्या मराठी भाषांतराप्रमाणं 'इस्राएल, इस्राएली' लिहा आणि आजच्या देशाला पेपरवाल्यांप्रमाणं 'इस्रायल, इस्रायली'. तसंच माणसांना इब्री आणि भाषेला हिब्रू. जुन्या करारात मात्र भाषेला हिब्रू म्हणतच नाहीत, 2 राजे 18:26 मध्ये ती यहुदी भाषा आहे आणि यशयाच्या पुस्तकात कनानची भाषा. जुन्या भाषांतराची प्रत कोल्हापूरच्या वायल्डर चर्चच्या ओळखीतल्या कुणाकडंही मिळेल, नावांचं स्पेलिंग तिच्यावरनंच जुळवा, गुगल ट्रान्सलेटवरनं नको.

आणि आपल्या कोकणातल्यांना काय म्हणायचं? अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज जहाज फुटून आले असं सांगणारे, तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, आडनावं पेणकर, चेऊलकर, केहीमकर अशी अस्सल. ते स्वतःला म्हणवतात बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची लेकरं, तेव्हा तेच लिहा. पण म्हणून ते यहुदी नाहीत असं समजू नका. तो वाद इस्रायलमध्ये झाला, आंदोलन झालं आणि 1964 मध्ये ते पूर्ण ज्यू आहेत हे तिथं मान्य झालं. महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला त्यात तेही आले. फक्त महाराष्ट्रातल्या सगळ्या ज्यूंना बेने इस्राएल करून टाकू नका. पुण्याचं लाल देऊळ म्हणतात ते ज्यू प्रार्थनास्थळ बगदादी (मूळ इराककडच्या) ज्यू डेव्हिड ससून यांचं, 1867 चं. बेने इस्राएलांचं रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो वेगळं, आणि मुंबईतलं त्यांचं सगळ्यात जुनं प्रार्थनास्थळ 1796 चं, त्याला लोक जुनी मशीद म्हणायचे आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्याच्यावरनंच पडलं असं सांगतात.