चौकटी मोजताना या चुका टाळा: ४३२ पण नाही, ८६४ पण नाही

सोलापुरात अकरावी-बारावीच्या पोरांना बरीच वर्षं परम्युटेशन (मांडण्या मोजणं) शिकवतोय आणि दरवर्षी वहीत त्याच चुका दिसतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

गणित दिसायला साधं. ४×४ ची चौकट, प्रत्येक आडव्या ओळीत १ ते ४ एकेकदाच आणि प्रत्येक उभ्या रांगेतही एकेकदाच. याला लॅटिन स्क्वेअर म्हणतात. अशा किती चौकटी होतात?

सगळ्यात जास्त पोरं इथेच आपटतात: वरची ओळ कशीही असली तरी खाली पर्याय तेवढेच उरणार असं धरून गुणत सुटतात. गेल्या उन्हाळ्यात दोन पोरं माझ्याकडे भांडतच आली, एकाचं उत्तर ४३२, दुसऱ्याचं ८६४. पहिली ओळ २४ प्रकारे, दुसरी ९ प्रकारे (वरचाच आकडा खाली नको, म्हणजे डिरेंजमेंट), इथपर्यंत दोघांचं बरोबर होतं. मग एकाने १२३४ खाली २३४१ लिहून बघितलं, उरलेल्या दोन ओळी २ प्रकारे भरल्या, म्हणून २४×९×२. दुसऱ्याने खाली २१४३ लिहिलं, त्याला ४ प्रकार मिळाले, म्हणून २४×९×४. दोघांनी एकेकच उदाहरण बघितलं आणि बाकीची आठ तशीच असणार असं गृहीत धरलं. त्यातल्या एकाचे वडील पूर्व भागात चादरीचं डिझाइन काढतात, त्यांच्याकडचा ग्राफ पेपर आणला, चार रंग घेतले आणि नऊच्या नऊ दुसऱ्या ओळी मी त्यांना भरायला लावल्या. तास-दीड तास गेला पण दिसलं ते कायमचं: २१४३ सारख्या, जोड्या अदलाबदल केलेल्या ओळी ३, त्यांना प्रत्येकी ४, बाकी ६, त्यांना प्रत्येकी २. म्हणजे २४×(१२+१२) = ५७६.

आता कोणी म्हणेल, सर आम्ही ३×३ वर तपासलं होतं. तिथे ६×२×१ = १२ हे बरोबरच येतं, कारण तिथे दोन्ही डिरेंजमेंट एकाच जातीच्या आहेत, म्हणजे दोन्हींखाली उरलेली ओळ तितक्याच प्रकारे भरते. त्यामुळे लहान केस जुळली एवढ्यावर विश्वास ठेवू नका, दोन जाती जिथे पहिल्यांदा वेगळ्या पडतात तिथपर्यंत जा. मी तर गुणाकाराचं चिन्ह लिहायच्या आधी ‘प्रत्येकाला तेवढेच का?’ हे समासात लिहितोच, पोरांना कंटाळा आला तरी.

डिरेंजमेंट काढताना नुसतं २४−४×६ (एकूण २४, त्यातून एकेक आकडा जागेवर ठेवलेल्या प्रत्येकी ६) करून शून्य आणू नका. दोनदा वजा झालेले परत मिळवायचे असतात, मग जास्त मिळवलेले वजा, असं आलटून पालटून: २४−२४+१२−४+१ = ९.

चौकट फिरवली तरी तीच धरायची असेल तर ५७६ ला सरळ ४ ने भागू नका. १२३४, २१४३, ३४१२, ४३२१ ही चौकट अर्धी फिरवून बघा, जशीच्या तशी राहते, म्हणजे फिरवून तिच्या चार वेगळ्या चौकटी होतच नाहीत.

आणि घाई करणारे लगेच विचारतात, सूत्र सांगा. आकडे घातले की पटकन उत्तर येईल असं सोपं सूत्र याला नाही, ११×११ ची नेमकी संख्यासुद्धा २००५ मध्ये छापून आली. प्रोग्राम लिहून तपासलं तर माझी हरकत नाही, ४×४ ला (चारही ओळी प्रत्येकी २४ प्रकारे) ३३१७७६ मांडण्या कॉम्प्युटर लगेच चाळतो, पण ५×५ ला त्याच पद्धतीने २४८८ कोटींच्या वर जातात, आणि तेव्हा परत ग्राफ पेपर घेऊन ४४ डिरेंजमेंटच्या जाती पाडायलाच बसावं लागतं: २४ एका जातीच्या, २० दुसऱ्या.