पुढून येणारा खडखड आवाज शेवटी सापडला

गाडी 14 वर्षं जुनी, आणि खराब रस्त्यावर हळू चालवली की पुढून डाव्या बाजूने खडखड यायची, मोठ्या खड्ड्यात मात्र तेवढी नाही. मेकॅनिक म्हणाला शॉकअप गेले, दोन्ही बदलून टाका. पण शॉकअपला ऑइल लीक नव्हतं, बोनेट दाबून सोडलं तर गाडी एकदाच वर येऊन थांबायची, म्हणून मी आधी स्वतः बघायचं ठरवलं.

जॅक लावून खाली स्टँड ठेवला (नुसत्या जॅकवर कधीच हात घालू नका) आणि चाक वर-खाली धरून हलवलं, काही नाही, म्हणजे बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) आणि बेअरिंग बहुतेक ठीक. मग डावी-उजवीकडे हलवलं तर बारीकसा प्ले (ढिलेपणा), टाय रॉड एंडवर (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडतो तो सांधा) बोट ठेवून मुलाला स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला सांगितलं आणि बोटाला टक टक स्पष्ट जाणवलं. वाटलं झालं, सापडलं! तो बदलून अलाइनमेंट केली, स्टेअरिंग छान घट्ट झालं पण खडखड तशीच.

मग स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या दांड्याला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) दोन्ही बाजूंच्या काढून ठेवल्या आणि त्याच रस्त्यावर अगदी हळू फिरवली, आवाज एकदम बंद. डाव्या लिंकचं रबर बूट फाटलेलं, आत ग्रीसऐवजी गंजाचं पाणी, बॉल हाताने गरगर फिरत होता. दोन्ही लिंक नव्या टाकल्या, शॉकअप जुनेच आहेत, आता नुसता टायरचा आवाज येतो.