जुन्या गाडीच्या एसीत गॅस भरण्याआधी (आणि ऑइल!)

गाडी नव्वदच्या दशकातली किंवा आधीची असेल तर पहिलं काम म्हणजे आत कुठला गॅस होता ते शोधा. बॉनेटखालचं स्टिकर उडालेलं असणार, माझंही उडालेलं होतं, मग सर्व्हिस पोर्ट, म्हणजे गॅस भरायचं तोंड बघा: आटे असलेला, नट फिरवून लावायचा तो आर-12 चा (जुना गॅस), दाबल्यावर खटकन बसणारा तो 134ए चा (त्याच्यानंतर आलेला). मधे कुणी जुन्या पोर्टवर 134ए चा अडॅप्टर ठोकून ठेवलेलाही असतो, म्हणून जुन्या मालकाला फोन करा आणि ऑइल बदललं होतं का तेही विचारा. हे ऑइल पुढे सारखं येणार आहे, कंटाळू नका, माझा कॉम्प्रेसर त्याच्यापायी गेलाय.

आता गॅस. आर-12 चा नाद सोडा, ओझोनचा थर खाणारा गॅस तो, 1987 च्या माँट्रियल करारात अडकला आणि आपल्याकडेही 2010 पासून बंद. "एक जुनं सिलिंडर आहे माझ्याकडे" म्हणणारा कुणीतरी भेटतोच, आत काय भरलंय देव जाणे. आर-22 नको, तो घरच्या एसीचा, प्रेशर बरंच जास्त, गाडीचे होज त्यासाठी नसतात. हायड्रोकार्बनवाला गॅस थंड झकास करतो, पण तो आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ, आणि कूलिंग कॉइल असते डॅशबोर्डच्या आत, म्हणजे लीक झाला की थेट तुमच्या मांडीवर. 1234वायएफ नव्या गाड्यांचा, महाग, सोडा. राहिला 134ए. तोच घ्या, विषय संपला.

विषय संपला असं मलाही वाटलं होतं. आर-12 च्या सिस्टिममध्ये मिनरल ऑइल असतं, आणि गॅसच ते सोबत घेऊन फिरतो म्हणून कॉम्प्रेसरला वंगण मिळतं, पण 134ए मध्ये मिनरल ऑइल मिसळतच नाही, ते कॉइलमध्ये नाहीतर पाइपात बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. लगेच कळत नाही हो, हाच तर घोळ! माझ्या मारुती 1000 ने दीड महिना असा गारवा दिला की बायको खिडकी उघडायला सांगायची, मग कात्रज घाटात करकर आवाज, पट्टा जळल्याचा वास आणि कॉम्प्रेसर जॅम. धातूचा भुगा कंडेन्सरपर्यंत (रेडिएटरसमोरची, गॅस गार करणारी जाळी) गेला, म्हणजे तोही नवीन. मेकॅनिक म्हणाला, "ऑइलचं तुम्ही बोलला नाहीत." खरंय, नव्हतो बोललो.

तर ऑइल. जुनं काढा, कॉम्प्रेसर उतरवून उलटा करून काढा, लाइन फ्लश करा. नवीन घ्या ते एस्टर जातीचं, थोडं मिनरल आत राहिलंच तर ते सांभाळून घेतं. पॅग ही दुसरी जात, तीही चांगली असते, पण जुन्याच्या उरल्यासुरल्याशी तिचं पटत नाही. सीलबंद डबाच आणा आणि भरायच्या वेळीच उघडा, दोन्ही हवेतली ओल पितात. गॅरेजमधल्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतलं फुकट मिळालं तरी नको.

ड्रायर (सिस्टिममधली ओल शोषणारा डबा) नवा, 134ए ला चालणारा. जुन्या बाजारातला नको, तो किती वर्षं तोंड उघडं ठेवून पडलाय कुणाला माहीत. ओ-रिंग सगळ्या बदला. हे सगळं (ऑइलसकट!) नाना पेठेतून आदल्या दिवशीच आणून ठेवा, कारण सिस्टिम खोलून ठेवली आणि सामान नाही म्हटलं की मेकॅनिक "असू दे, चालतंय" म्हणून जुनंच लावतो.

मग नायट्रोजनने लीक टेस्ट, किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, पंप बंद केल्यावर गेजचा काटा हलतो का बघा, हलला तर लीक आहे. गॅस वजनकाट्यावर तोलून, आर-12 च्या वजनाच्या 80 ते 90 टक्के, म्हणजे 700 ग्रॅम लिहिलं असेल तर 560 ते 630. सिस्टिमवरच्या छोट्या काचेतले बुडबुडे बघून भरू देऊ नका, जास्त जातो. कंडेन्सरचा फॅन नीट फिरतोय ना. शेवटी बॉनेटखाली चिठ्ठी चिकटवा: तारीख, 134ए, किती ग्रॅम, आणि ऑइल कुठलं.