दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याचे फोकसिंग : या चुका टाळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे गोव्यातील आकाशछायाचित्रणाचे खरे महिने. या काळात नवशिकी मंडळी जे फोटो दाखवतात, त्यांपैकी बहुतेकांत तारे टिंबासारखे न उमटता फुगलेले असतात. दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो. फोकस चुकल्यामुळे गेलेला तपशील कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही, हे आधी पक्के समजून घ्यावे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे संध्याकाळी एकदा फोकस करून रात्रभर त्याच्यावर विसंबणे. एफ/५ च्या, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या, दुर्बिणीत हिरव्या प्रकाशासाठी अचूक फोकसचा पट्टा जेमतेम ०.०७ मिमी असतो, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीहूनही कमी. आणि ७५० मिमी लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी तापमान ४ अंशांनी उतरले की साधारण तेवढीच आखडते. काणकोणच्या आतल्या भागात डिसेंबरमधील एका रात्री एका होतकरू मुलाने ब्रह्महृदय या तेजस्वी ताऱ्यावर बाख्तिनोव मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर बसवायची खाचांची चकती; तिच्यामुळे ताऱ्यावर तीन रेषा उमटतात) लावून मधली रेषा दोन तिरक्या रेषांच्या अगदी मध्यावर आणली होती; अचूक फोकसची हीच खूण. काम निर्दोष होते. दहाच्या सुमारास मी त्याला पुन्हा तपासायला सांगितले, तेव्हा "सर, मघाशीच केला ना," असे म्हणून तो मृगातील तेजोमेघाच्या फ्रेम घेत राहिला. पहाटे लॅपटॉपवर फ्रेम ओळीने पाहिल्या, तेव्हा सुरुवातीला स्वच्छ दिसणारे मंद तारे मध्यरात्रीनंतर पार्श्वभूमीत विरून गेलेले दिसले. अर्धी रात्र वाया गेली, आणि ती वाचवायला पाच मिनिटे पुरली असती. मी दर तासाला, तसेच फिल्टर बदलल्यावर, जवळच्या तेजस्वी ताऱ्यावर मास्क लावून फोकस पाहतोच. मास्क काढायला विसरू नये, एवढे मात्र सांभाळावे.

दुसरी चूक आपल्या दमट हवेतली आहे. एसी गाडीतून किंवा खोलीतून काढलेली दुर्बीण थेट उघडली की थंड भिंगावर बाष्प धरते, ताऱ्यांभोवती धूसर वलय येते आणि नवशिका ते फोकस बिघडल्याचे लक्षण समजून नॉब फिरवत बसतो. नॉबला हात लावण्यापूर्वी भिंगावर तिरका टॉर्च मारून पाहावे. बाष्प दिसले तर रुमालाने पुसू नये. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेचे कण काचेवर बसलेले असतात आणि पुसताना तेच भिंगावरचा लेप खरवडतात. मी पेटी न उघडता तासभर बाहेर ठेवतो आणि दवरोधक हीटरचा पट्टा संध्याकाळपासूनच चालू करतो. हा तासभर थांबण्याचा धीर ज्यांना नाही, त्यांनी या छंदाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

ध्रुवतारा पाहून दुर्बीण पेलणारे माउंट जुळवले की त्याच ताऱ्यावर फोकस करण्याचा मोह होतो. गोव्यात तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो आणि तिथल्या जाड, हलत्या हवेत तारा स्थिर राहत नाही. उंच आलेला तेजस्वी तारा निवडावा. कॅमेरा लेन्स वापरत असल्यास तिच्यावरील अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नये. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा केल्याशिवाय निर्णय घेऊ नये. तारा एकाच दिशेने लांबलेला दिसला, तर आधी ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्यामागोमाग दुर्बीण फिरते का, ते तपासावे.

न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) चित्र स्पष्ट दिसते, पण कॅमेरा लावल्यावर फोकसच सापडत नाही, अशी तक्रार नेहमी येते. फोकसर (कॅमेरा आत-बाहेर सरकवणारी नळी) पूर्ण आत जाऊनही तारा गोल चकतीसारखाच दिसत असेल, तर कॅमेऱ्याला आणखी आत जावे लागेल. बुटका अ‍ॅडॅप्टर किंवा फोकस बाहेर ढकलणारे बार्लो भिंग लावून पाहावे, आरसा पुढे सरकवण्याची घाई करू नये. शेवटी फोकसरचा स्क्रू आवळल्यावर मास्कमधील रेषा पुन्हा पाहाव्यात, कारण आवळतानाच फोकसरची नळी किंचित सरकते.